लाइट आली, मेणबत्ती विझवली का?

एक प्रश्न विचारतो. घरातली वीज गेलेली आहे, टेबलावर मेणबत्ती जळते आहे. अशा वेळी सर्वांत धोक्याचा क्षण कोणता? मेणबत्ती लावण्याचा? अंधारात ती इकडून तिकडे नेण्याचा? माझ्या मते सर्वांत धोक्याचा क्षण असतो तो वीज परत येण्याचा! उत्तर चमत्कारिक वाटेल, पण ते मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते माझ्याच घरात मिळाले.

पुण्यात मार्केट यार्डाच्या पलीकडे चढाला लागले की आमची बिबवेवाडी येते. मे महिन्यातील एका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला, वारा सुटला, कुठे तरी झाडाची फांदी तारांवर पडली आणि सगळ्या आळीचे दिवे गेले. मी एक वाटी उपडी घालून तिच्यावर मेणबत्ती चिकटवली आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. नववीतली माझी मुलगी तिच्या उजेडात गोष्टीचे पुस्तक वाचत बसली. पाऊण तासाने इमारतीतल्या सगळ्या मुलांचा एकच गलका ऐकू आला, "आली, आली!" आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत धावलो. टेबलावरची मेणबत्ती कोणाच्याही ध्यानात राहिली नाही.

पंख्याचे बटण मात्र वीज गेली तेव्हापासून चालूच होते. वीज येताच पंखा आपोआप फिरू लागला. खिडकीचा नायलॉनचा पडदा उडाला तो थेट ज्योतीवर. जळका वास आला म्हणून मी धावलो, पडदा ओढून खाली पाडला आणि पायातल्या चपलेने तुडवला. पडद्याला परातीएवढे भोक पडले होते आणि वितळलेल्या नायलॉनचे काळे थेंब पुस्तकावर पडले होते. पाच मिनिटांपूर्वी त्या पुस्तकावर माझ्या मुलीचे डोके वाकलेले होते. गेली वीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे घडावे, याची मला फार शरम वाटली. म्हणून ठरवले, की या मेणबत्तीचा नीट अभ्यास करायचा. तो तुमच्यापुढे मांडतो आहे.

जळते ते काय?

मेणबत्तीत जळते काय, असे विचारले तर कोणी म्हणेल मेण, कोणी म्हणेल वात. तसे असेल तर मेणाचा नुसता खडा काडीने पेटवून पाहा. तो वितळेल, पण पेटणार नाही. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर! त्यात त्याने दाखवलेला एक प्रयोग तुम्ही शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर करा. मेणबत्ती काही वेळ जळू द्या आणि मग हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाईल. लगेच पेटती काडी त्या रेघेजवळ न्या, वातीपासून दोन बोटे वर. ज्योत धुराच्या रेघेवरून खाली उडी मारील आणि वात पुन्हा पेटेल.

याचा अर्थ काय? तो धूर म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन झालेले बारीक कण. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, वर पोचल्यावर त्याची वाफ होते, आणि हवेतील ऑक्सिजनशी मिसळून जळते ती ही वाफ. म्हणजे मेणबत्ती हा एक छोटासा वायूचा कारखानाच झाला. तो स्वतःच आपले इंधन वितळवतो, वर ओढतो, त्याचा वायू करतो आणि जाळतो.

या वाफेतील कार्बनचे अतिसूक्ष्म कण ज्योतीच्या मधल्या भागात सुमारे १,२०० अंश सेल्सियस तापमानाला तापून चमकतात. ज्योतीचा पिवळा उजेड हा या कणांचा उजेड. तेच कण थंड भांड्यावर धरले की काजळी होते. तुमच्या आजीने तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडलेले पाहिले असेल, तर हे कण तुम्ही पाहिलेच आहेत.

उष्णता किती, उजेड किती?

आता थोडा हिशेब करू. मी एक साधी पांढरी मेणबत्ती स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलली, दोन तास जाळली आणि पुन्हा तोलली. वजन १४ ग्रॅमने घटले. म्हणजे तासाला ७ ग्रॅम मेण जळाले. एक ग्रॅम मेण जळताना सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता निघते. तेव्हा तासाला ७ × ४३ = ३०१ किलोज्यूल. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून सेकंदाला सुमारे ८४ ज्यूल, अर्थात ८४ वॅट. केवढीशी ती ज्योत, आणि शक्ती ८४ वॅट!

आणि उजेड? प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक कँडेला हे नाव मेणबत्तीवरूनच आलेले आहे. इंग्लंडमध्ये १८६० साली कायद्याने एक प्रमाण मेणबत्ती ठरवली गेली. स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची ती असे आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे सुमारे ७.८ ग्रॅम, इतकी जळे. आजच्या कँडेलाची व्याख्या वेगळी आहे, तरी साध्या मेणबत्तीची तीव्रता अजूनही साधारण एक कँडेलाच भरते. अशी ज्योत सर्व दिशांना मिळून सुमारे १२.६ ल्युमेन प्रकाश देते.

म्हणजे ८४ वॅट खर्च आणि उजेड १२.६ ल्युमेन. दर वॅटला ०.१५ ल्युमेन. बाजारात मिळणारा ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्युमेन देतो, म्हणजे दर वॅटला १००. तेवढा उजेड मेणबत्त्यांनी करायचा तर ७० मेणबत्त्या लागतील आणि त्या सुमारे सहा किलोवॅट उष्णता खोलीत सोडतील, जणू सहा इस्त्र्या एकदम तापत ठेवल्या आहेत. तेव्हा मेणबत्तीला दिवा म्हणणे हे खरे तर सौजन्य आहे. ती मुळात शेगडी आहे. जाता जाता ती थोडासा उजेड देते, इतकेच.

जवळ ओढायला लावणारा उजेड

या अपुऱ्या उजेडातूनच पुढचा धोका निर्माण होतो. प्रकाशाचा वर्गव्यस्त नियम तुम्हाला माहीत असेल. अंतर दुप्पट केले तर प्रकाश चौथाई होतो. एक कँडेलाची मेणबत्ती एक मीटरवर ठेवली तर पुस्तकावर एक लक्स प्रकाश पडतो. अर्ध्या मीटरवर ४ लक्स. अभ्यासाच्या टेबलावर सुमारे ३०० लक्स प्रकाश चांगला समजतात. तेवढा सोडा, केवळ १०० लक्स हवा म्हटला, तरी मेणबत्ती पुस्तकापासून १० सेंटिमीटरवर आणावी लागेल!

म्हणूनच मेणबत्तीच्या उजेडात वाचणारा मुलगा नकळत ती जवळ जवळ ओढतो. मग त्याचे केस, शर्टाची बाही, मुलीची ओढणी आणि वहीची पाने ही सारी ज्योतीच्या आवाक्यात येतात. यात निष्काळजीपणाचा भाग थोडा आणि वर्गव्यस्त नियमाचा अधिक. अशा वेळी "सांभाळून वाच" एवढे सांगून भागत नाही. हातात दुसरा दिवाच द्यावा लागतो.

ज्योतीच्या बाजूला आणि ज्योतीच्या वर

ज्योतीशेजारी चार-पाच सेंटिमीटरवर हाताचा पंजा धरला तर ऊब लागते, पण सोसते. तोच पंजा ज्योतीच्या वर १५ सेंटिमीटरवर क्षणभरही धरवत नाही. बाजूला उष्णता येते ती केवळ प्रारणाने. वर मात्र तापून हलके झालेले वायू अभिसरणाने सरळ चढत असतात. म्हणून मेणबत्ती कपाटाच्या फळीखाली, तोरणाखाली किंवा टांगलेल्या कॅलेंडरखाली ठेवणे फार वाईट. बाजूला भरपूर जागा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो आणि वरची फळी मात्र तापत राहते. कागद सुमारे २३० अंशांना पेटतो, हे लक्षात घ्या.

वाऱ्याची झुळूक आली की ज्योत आडवी होते. मग जी उष्णता वर जायची ती बाजूला जाते, मेण एका अंगाने वितळून ओघळते, बत्ती कलते. पंखा दोन्ही बाजूंनी घात करतो. तो ज्योतीला वस्तूकडे वाकवतो आणि वस्तूला ज्योतीकडे उडवतो. माझ्या पडद्याचे नेमके हेच झाले.

नियम आणि त्यांची कारणे

आता नियम सांगतो, पण ते पाठ करू नका. प्रत्येकाचे कारण वर आलेले आहे की नाही, ते तपासा.

वीज गेली की प्रथम पंख्यांची बटणे बंद करा. वीज आली की सर्वांत आधी मेणबत्ती विझवा, मग आनंद करा.

मेणबत्ती रुंद, जड आणि न जळणाऱ्या बुडावर ठेवा. स्टीलच्या ताटात मधोमध ठेवलेली उत्तम. प्लॅस्टिकचे डबे, फ्रिजचा माथा, टीव्हीचे खोके या जागा नकोत. बत्ती संपत आली की ज्योत थेट बुडावर येते.

चहूबाजूंनी निदान ३० सेंटिमीटर अंतर मोकळे ठेवा आणि वर त्याहून पुष्कळ अधिक.

दिवाळीत रांगोळीभोवती छोट्या मेणबत्त्या अगदी खेटून मांडू नका. त्या एकमेकींना तापवतात, मेण प्रमाणाबाहेर तापते आणि वात सोडून मेणाचा सगळा पृष्ठभागच पेटू शकतो. दोहोंमध्ये आठ-दहा सेंटिमीटर जागा सोडा.

खोलीत कोणी नसताना किंवा झोपताना ज्योत ठेवू नका. निरांजन-समईलाही हे लागू आहे. बाहेर जाण्यापूर्वी दिवा शांत करावा. त्यात अशुभ काही नाही.

अंधारात काडेपेटी शोधायला आपण स्वयंपाकघरात जातो. तेथे गॅसचा वास आला तर काडी मुळीच ओढू नका, विजेची बटणेही चालू-बंद करू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात साचून राहतो. दारे-खिडक्या उघडा, सिलिंडरची कळ बंद करा आणि बाहेर पडा.

आणि पेटलेच तर?

वाटीतले किंवा काचेच्या पेल्यातले मेण सगळेच पेटले तर पाणी ओतू नका. त्या मेणाचे तापमान २०० अंशांच्या वर असते. पाणी मेणापेक्षा जड, म्हणून ते खाली जाते आणि तेथे तत्क्षणी त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,७०० पट वाढते. ती वाफ पेटते मेण चहूकडे उडवते. त्याऐवजी वर ताटली झाका. हवा तुटली की ज्योत मरते. ताटली लगेच उचलू नका, मेण निवेपर्यंत थांबा.

अंगावरचा कपडा पेटला तर धावू नका. धावणे म्हणजे ज्योतीला वारा घालणे. जमिनीवर आडवे पडून लोळावे, किंवा दुसऱ्याने घोंगडी अथवा जाड सुती सतरंजी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे वाहते पाणी निदान २० मिनिटे सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. नायलॉन कातडीला चिकटले असेल तर ओढून काढू नका, डॉक्टरांकडे जा. आग आटोक्याबाहेर जाते असे वाटले की घराबाहेर पडून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवा.

ही मेणबत्ती नव्हेच

वाढदिवसाच्या केकवर हल्ली एक चमचमणारी नळी लावतात. तिच्यातून ठिणग्यांचा कारंजा उडतो. लोक तिलाही मेणबत्ती म्हणतात, पण तिच्यात वातीवर जळणारे मेण नसते. ती जातीने फुलबाजीची बहीण. तिच्या मिश्रणात धातूची भुकटी असते आणि ऑक्सिजन पुरवणारे रसायनही असते. म्हणून ताटली झाकून ती विझत नाही. तिला बाहेरची हवा लागतच नाही.

पुण्याजवळ तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी अशा मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग भडकली. सहा जण त्याच दिवशी मृत्युमुखी पडले आणि जखमींपैकी आणखी काही जण पुढे उपचार चालू असताना दगावले. केकवर अर्धा मिनिट चमकणाऱ्या वस्तूमागे असा इतिहास आहे. अशी नळी घरात आणण्यापूर्वी तो आठवावा. आणि आणलीच, तर तोंड जवळ नेऊन तिला फुंकण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

ज्योतीवाचून उजेड

आता पर्याय पाहू. ज्योतीत कार्बनचे कण आधी तापतात आणि मग प्रकाशतात. प्रकाश उत्सर्जक डायोड, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातला एलईडी, याला तापण्याची गरज नसते. त्यात अर्धवाहकाचे दोन थर जोडलेले असतात. विद्युतप्रवाह सोडला की एका थरातील इलेक्ट्रॉन दुसऱ्यातील रिकाम्या जागांत उतरतात आणि उतरताना सुटणारी ऊर्जा सरळ प्रकाशरूपाने बाहेर पडते. तांबडे आणि हिरवे एलईडी आधीच होते. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता. तो तयार करणारे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणारा लेप दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो.

एका मेणबत्तीएवढा उजेड देण्यास एलईडीला वॅटचा जेमतेम आठवा हिस्सा पुरतो. ८४ वॅट कोठे आणि हे कोठे! आमच्या घरात आता नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारा, आत विद्युतघट असलेला दिवा आहे. वीज गेली की तो आपणहून चालू राहतो. काडेपेटी शोधायला नको आणि वीज आल्यावर विझवायची आठवणही ठेवायला नको. प्रत्येकाच्या उशाशी एक छोटी विजेरी आहे. सजावटीसाठी मिणमिणत्या एलईडी पणत्याही मिळतात.

पण एक गोष्ट बजावून सांगतो. ज्योत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. या छोट्या पणत्यांत बहुधा नाण्यासारखा चपटा, तीन व्होल्टचा विद्युतघट असतो. लहान मूल तो सहज गिळते. तो अन्ननलिकेत अडकला तर तेथील ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो, ऋण टोकाशी तीव्र अल्क तयार होतो आणि दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. ज्या पणतीच्या घटाचे झाकण स्क्रूने बंद होते तीच घ्या. मुलाने घट गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. त्याचप्रमाणे पुन्हा भारित होणाऱ्या दिव्याचा घट फुगलेला दिसला तर तो दिवा वापरू नका, आणि कोणताही दिवा गादीवर किंवा उशीखाली भारित करायला ठेवू नका.

मग ज्योत घरातून हद्दपार करायची का? मला तसे वाटत नाही. देवापुढचे निरांजन किंवा लक्ष्मीपूजनाची पणती आपण उजेडासाठी लावत नाही, ज्योतीसाठीच लावतो. तेथे ज्योत असावी, आणि ती जळेपर्यंत तिच्याजवळ माणूसही असावा. पण जेथे हवा आहे तो केवळ उजेड, तेथे ८४ वॅटची शेगडी कशाला पेटवायची? पूर्वी आकाशकंदिलात पणती ठेवत. आज त्यात विजेचा दिवा असतो, म्हणून कोणाची दिवाळी उणी झाली आहे का?

शेवटी एक गृहपाठ. आज रात्री घरातील प्रत्येक खोलीत उभे राहून स्वतःला तीन प्रश्न विचारा. आत्ता वीज गेली तर मी हात कोठे घालीन? तेथे काडेपेटी सापडेल की विजेरी? आणि वीज परत येताच या खोलीत आपोआप काय हलू लागेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. आमच्या बिबवेवाडीत पुढच्या वेळी "आली, आली!" असा गलका झाला, तेव्हा माझी मुलगी बाहेरच्या खोलीत धावली नाही. आता घरात मेणबत्ती नव्हती, तरी ती आधी पंख्याकडे आणि मग पडद्याकडे पाहून आली.